चित्रप्रवाहाची पेटी आणि तिचे छोटे कारखानदार

दूरचित्रवाणीच्या संचाशेजारी ठेवलेली किंवा त्याच्या पाठीमागे लोंबकळणारी एक लहानशी काळी पेटी आता आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरी आलेली आहे. तिला ना अँटेना असतो, ना तिच्यात तबकडी घालावी लागते. घरातील इंटरनेटशी तिची एकदा गाठ घालून दिली की हजारो मैलांवर साठवून ठेवलेला चित्रपट ती पडद्यावर आणून उभा करते. आज ही पेटी जगातील अतिशय धनाढ्य कंपन्या बनवीत असल्या, तरी तिचा धंदा आरंभी ज्यांनी उभा केला ती माणसे थोडी होती आणि त्यांचे भांडवलही बेताचेच होते. अशा छोट्या, नवख्या व जोखमीच्या उद्योगाला हल्ली स्टार्टअप म्हणण्याचा प्रघात आहे. असा उद्योग चालतो कसा, त्याला पैसा मिळतो कोठून, आणि तो बंद पडला म्हणजे आपण रोख मोजून घेतलेल्या पेटीचे काय होते, हे आमच्या विद्यार्थी मित्रांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा नाही. पाटा-वरवंटा एकदा घेतला की तो आपला झाला. तो घडविणारा पाथरवट गाव सोडून गेला म्हणून घरातली चटणी वाटावयाची थांबत नाही. ही पेटी तशी नव्हे.

प्रथम तिच्या पोटात काय चालते ते पाहू. चलच्चित्र म्हणजे एकामागून एक भराभर दाखविलेली स्थिर चित्रे, हे आपण जाणतोच. आजच्या सर्वसाधारण चांगल्या पडद्यावर आडव्या ओळीत १,९२० आणि उभ्या ओळीत १,०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रात वीस लाखांहून अधिक. एका ठिपक्याचा रंग सांगावयास २४ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे २४ अंक लागतात, आणि सेकंदाला अशी २५ चित्रे दाखवावयाची असतात. हा गुणाकार वाचकांनी वहीवर अवश्य करून पाहावा. उत्तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट असे येते. एवढा लोंढा घरोघरच्या तारांतून वाहून नेणे ही व्यवहारातील गोष्टच नव्हे. प्रत्यक्षात मात्र तोच चित्रपट सेकंदाला पन्नास लाख बिटांच्या आसपास, डोळ्यांना समाधान वाटेल असा दाखविता येतो. म्हणजे मूळ मजकूर जवळजवळ अडीचशे पट आवळलेला असतो.

हा संक्षेप साधतो कसा? गुरुजी फळ्यापुढे उभे राहून शिकवीत आहेत असे चित्र डोळ्यांपुढे आणा. एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागात फळा बदलत नाही, भिंत बदलत नाही, खिडकी बदलत नाही. हलतो तो केवळ गुरुजींचा हात आणि खडू. मग प्रत्येक वेळी फळा नव्याने कशाला पाठवावयाचा? एक चित्र पूर्ण पाठवावे आणि त्यानंतरच्या चित्रांचा केवळ फरक कळवावा, ही यातील पहिली युक्ती. दुसरी युक्ती अधिक गणिती आहे. चित्राचे लहान लहान चौकोन पाडून त्या प्रत्येकातील सूक्ष्म फरक, जे डोळ्याला फारसे जाणवत नाहीत ते, गाळून टाकता येतात. या दुसऱ्या युक्तीच्या मुळाशी असलेले गणित मांडणाऱ्यांत बंगळूर येथे जन्मलेले नासिर अहमद हे प्रमुख होत. अमेरिकेत अध्यापन करीत असता १९७२ साली त्यांनी या संशोधनासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे साहाय्य मागितले, ते मिळाले नाही. तरीही त्यांनी काम चालू ठेवले आणि नटराजन व राव या सहकाऱ्यांसह १९७४ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. आज आपण भ्रमणध्वनीवर पाहतो त्या बहुतेक छायाचित्रांत आणि चित्रफितींत त्या गणिताचा किंवा त्याच्या वंशजांचा अंश असतो. एवढे मोठे काम करणाऱ्याचे नाव आमच्याकडे किती शाळांत ठाऊक असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. असो.

आवळलेला मजकूर पुन्हा उलगडून चित्र उभे करणे हे पेटीचे मुख्य काम. त्यासाठी तिच्यात खास याच कामाकरिता घडविलेली चिप असते. २००३ साली एच.२६४ या नावाची आवळण्याची नवी सर्वमान्य पद्धती ठरली, पुढील काही वर्षांत अशा पद्धती उलगडणाऱ्या चिपा स्वस्त झाल्या, आणि त्याच सुमारास घरोघरी वेगवान इंटरनेट आले. या गोष्टी जुळून आल्यावाचून ही पेटी जन्मालाच येऊ शकली नसती. त्यापूर्वीही अशी स्वप्ने पाहणारे होते. पण ते घाईने आले आणि घाईनेच गेले.

इंटरनेटचा वेग मात्र कधीच एकसारखा नसतो. आमच्या शहरातील नळाला जसे कधी जोराने पाणी येते आणि कधी करंगळीएवढी धार लागते, तसेच हे. घरातील गृहिणी त्यावर उपाय म्हणून टाकी भरून ठेवते आणि वापरावयाचे पाणी टाकीतून घेते. पेटीही तेच करते. पुढील काही सेकंदांचा चित्रपट ती आधीच आणून आपल्या स्मृतीत साठवते व पडद्याला त्या साठ्यातून पुरविते. टाकी रिकामी झाली की पडद्यावर ते गरगर फिरणारे वर्तुळ दिसू लागते. ते दिसू नये म्हणून आणखी एक योजना आहे. चित्रपटाचे काही सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा कमी-अधिक सुबक अशा अनेक प्रतींत तयार ठेवलेला असतो. मागील तुकडा किती लवकर आला हे पाहून पेटी पुढील तुकड्याची प्रत निवडते. चित्र मधेच किंचित अंधुक होऊन पुन्हा स्वच्छ होते ते यामुळे. संचात बिघाड झाला असे समजून त्याच्या पाठीवर थापा मारण्याचे कारण नाही.

एवढे सारे बुद्धिमान अभियंत्यांच्या एका लहान तुकडीला साधण्यासारखे आहे. आवळण्याच्या पद्धतीवर अनेक कंपन्यांचे हक्क असले, तरी एच.२६४ च्या परवान्यात वर्षाला पहिल्या एक लक्ष पेट्यांना शुल्क माफ ठेवलेले होते आणि त्यापुढे पेटीमागे २० सेंट द्यावयाचे होते; म्हणजे तेथेही लहानांना सवलत होती. खरी अडचण निराळ्याच ठिकाणी आहे. पेटी कितीही चांगली असली तरी तिच्यातून दाखवावयाचे चित्रपट दुसऱ्याचे असतात. ते मालक म्हणतात, आमच्या चित्रपटाची चोरी होणार नाही अशी कुलपे पेटीत बसवा, ती आम्हाला तपासू द्या, मगच पाहू. म्हणजे कारखानदाराने दुकान थाटावयाचे, पण माल द्यावयाचा की नाही हे दुसऱ्याने ठरवावयाचे.

आता थोडा हिशेब मांडू. पुढील आकडे कोणा एका कंपनीचे नव्हेत, केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. पेटीची किंमत १०० डॉलर धरा. दुकानदाराने आपले २० ठेवले. चिप, स्मृती, रिमोट, वीज जोडण्याचे साधन, प्लॅस्टिकचे कवच, पुठ्ठ्याचा खोका आणि जुळणी यांत ६० गेले. जहाजभाडे, परवाने आणि नादुरुस्त म्हणून परत आलेल्या पेट्या यांत १० गेले. उरले १०. कंपनीत २० अभियंते असून प्रत्येकाला वर्षाला एक लक्ष डॉलर द्यावे लागतात असे मानले, तर केवळ त्यांच्या पगारासाठी वर्षाला दोन लक्ष पेट्या विकल्या पाहिजेत. शिवाय कवचाचे साचे आधी करून घ्यावे लागतात, सुटे भाग काही महिने अगोदर मागवून त्यांचे पैसे चुकते करावे लागतात, आणि दुकानदाराकडून पैसे येतात ते माल गेल्यावर पुष्कळ दिवसांनी. विक्री जोरात असूनही तिजोरी रिकामी, असा प्रकार या धंद्यात नेहमीचा आहे. दिवाळीसाठी उसनवारीने आकाशकंदील भरणाऱ्या दुकानदाराला हे अधिक फोड करून सांगावे लागणार नाही.

याहून खोल गोष्ट निराळी आहे. पेटीची किंमत एकदाच मिळते. पेटीची चाकरी मात्र संपत नाही. चित्रपट दाखविणाऱ्या कंपन्या आपल्या पद्धती वरचेवर बदलतात, जुनी कुलपे जाऊन नवी येतात, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी पाच वर्षांपूर्वी विकलेल्या पेटीलाही दूरवरून नवा धडा शिकवावा लागतो. गिऱ्हाइकांची नोंद ठेवणारे सर्व्हर रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात. जितक्या पेट्या अधिक विकाव्या, तितका हा खर्च वाढतो. आणि उत्पन्न मात्र नव्या विक्रीवरच अवलंबून. ही गाठ ज्याला सोडविता आली तो तरला. तीन छोट्या उद्योगांचा वृत्तान्त आम्ही येथे देतो. तिन्ही अमेरिकेतील आहेत, कारण हा धंदा तेथेच प्रथम रुजला.

पहिला रोकू. याचे संस्थापक अँथनी वुड. यापूर्वी १९९७ साली त्यांनी रीप्ले टीव्ही नावाची कंपनी काढली होती. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम संगणकाच्या चकतीवर मुद्रित करून सवडीने पाहता यावेत, असे तिचे यंत्र १९९९ साली बाजारात आले. २००१ साली ती कंपनी सॉनिकब्लू या दुसऱ्या कंपनीने घेतली. तिच्या यंत्रात जाहिराती आपोआप गाळण्याची सोय होती. त्यावरून मोठमोठ्या दूरचित्रवाणी कंपन्यांनी दावे लावले आणि २००३ साली सॉनिकब्लूचे दिवाळे वाजले. वुड यांनी तोवर, २००२ च्या ऑक्टोबरात, नवा संसार मांडला होता. जपानी भाषेत रोकू म्हणजे सहा. ही त्यांची सहावी कंपनी, म्हणून तेच नाव. आरंभीची काही वर्षे छायाचित्रे दाखविणारे यंत्र, संगीत वाजविणारे यंत्र, असे लहानसहान उद्योग चालले होते.

नेटफ्लिक्स ही त्या काळी टपालाने चित्रपटांच्या तबकड्या भाड्याने देणारी कंपनी होती. २००७ च्या जानेवारीत तिने इंटरनेटवरून चित्रपट दाखविण्यास आरंभ केला. परंतु ते संगणकावर पाहावे लागत, आणि संगणकापुढे खुर्चीत बसून कुटुंबाने चित्रपट पाहावा ही काही सुखाची गोष्ट नव्हे. संचाला जोडण्याची पेटी आपणच करावी असे तिने ठरविले, आणि त्या कामावर वुड यांना नेमले. रोकूचे प्रमुखपदही त्यांच्याकडेच राहिले. ग्रिफिन या टोपणनावाने काम चालले. पेटी तयार झाली. ती बाजारात जाण्यास थोडाच अवधी उरला असता २००७ च्या अखेरीस नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी ती योजना रद्द केली. कारण मोठे विचार करण्यासारखे आहे. नेटफ्लिक्सने स्वतःची पेटी विकली असती तर बाकीचे सारे यंत्र-कारखानदार तिला प्रतिस्पर्धी समजले असते; आणि हेस्टिंग्ज यांना तर आपले चित्रपट सर्वांच्याच यंत्रांत हवे होते. तयार झालेले मूल दत्तक द्यावे तशी ती पेटी, ती बनविणारी माणसे आणि सुमारे ६० लक्ष डॉलरचे भांडवल रोकूच्या स्वाधीन करण्यात आले.

२० मे २००८ रोजी ती पेटी ९९.९९ डॉलरला विक्रीस निघाली. आधल्याच वर्षी आलेले ॲपलचे यंत्र २९९ डॉलरचे होते व त्यात चित्रपट उतरवून ठेवण्यासाठी चकती होती. रोकूच्या पेटीत चकतीच नव्हती. साठविण्याचा भार तिने दूरच्या सर्व्हरवर टाकला, म्हणून ती लहान, शांत आणि स्वस्त झाली. तिच्यात काय नाही, यातच तिचे यश होते असे आमचे मत आहे. उणीव एवढीच की तिच्यातून केवळ नेटफ्लिक्स दिसे. २००९ च्या आरंभी ॲमेझॉनचे चित्रपट तिच्यावर आले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रोकूने आपले दार सर्वांना उघडले: ज्याला आपली वाहिनी पेटीत आणावयाची असेल त्याने ती तयार करावी, लागणारी साधने रोकू देईल. एका मालकावर अवलंबून राहण्यातला धोका त्यांनी वेळीच ओळखला.

पण हिशेबाची मूळ गाठ अद्याप सुटली नव्हती. २०१३ च्या जुलैत गूगलने क्रोमकास्ट नावाचे, बोटाएवढे साधन केवळ ३५ डॉलरला काढले. पुढच्या वर्षी ॲमेझॉननेही आपली कांडी ३९ डॉलरला आणली. ज्यांना नफा दुसरीकडून मिळतो त्यांना पेटी मातीमोल विकणे परवडते. ज्याचे पोट पेटीवरच आहे त्याने काय करावे? रोकूने किमतीची स्पर्धा स्वीकारली आणि पोट भरण्याचा मार्गच बदलला. २०१४ पासून टीसीएल, हायसेन्स यांसारख्या कारखानदारांना आपली प्रणाली संचातच बसविण्यासाठी दिली. पेटीतून कोणी एखाद्या सेवेचे वर्गणीदार झाले तर त्या वर्गणीचा अंश, पडद्यावरील जाहिराती, आणि रिमोटवर एखाद्या कंपनीच्या नावाचे बटण बसविण्याबद्दल त्या कंपनीकडून मिळणारा मोबदला, ही नवी मिळकत. २०१६ साली रोकूच्या सुमारे ३९ कोटी ९० लक्ष डॉलर उत्पन्नापैकी या मार्गांनी आलेला भाग जेमतेम चतुर्थांश होता, आणि त्या वर्षी कंपनीला ४ कोटींहून अधिक डॉलर तोटाच झाला. २०१८ साली हाच भाग अर्ध्याहून पुढे गेला. २०२२ च्या हिशेबात तर पेट्या विकून मिळालेल्या पैशातून त्यांचा खर्चही भागला नव्हता. म्हणजे पेटी ही आता विक्रीची वस्तू उरली नाही. ती गिऱ्हाइकाच्या घरात शिरण्याची वाट झाली. जाहिराती गाळणारे यंत्र काढून ज्या गृहस्थाने नाव मिळविले, त्याचीच कंपनी पुढे जाहिरातींवर जगू लागली, यातील गंमत चतुर वाचकांच्या ध्यानी आलीच असेल. आणि घरात कोण काय पाहते याची नोंद ठेवल्यावाचून अशा जाहिराती फळत नाहीत, हेही येथेच सांगून ठेवतो.

२०१७ च्या सप्टेंबरात रोकूचे भाग शेअर बाजारात १४ डॉलर दराने विक्रीस निघाले. त्या वर्षीच्या जूनअखेर तिच्या पेट्या व संच वापरणारी १ कोटी ५१ लक्ष खाती होती. २०२५ च्या आरंभी अशा कुटुंबांची संख्या ९ कोटींवर गेल्याचे तिने जाहीर केले. आता ती छोटी राहिली नाही. २०२० साली एचबीओ मॅक्स ही नवी सेवा मे महिन्यात निघाली, पण अटी न जुळल्याने रोकूच्या पडद्यावर ती डिसेंबरपर्यंत आली नाही. एके काळी दुसऱ्याच्या दारात तिष्ठत उभा राहिलेला आता स्वतःच देवडीवर बसला.

दुसरा वृत्तान्त थोडक्यात सांगतो. २००७ साली ॲव्हनर रोनेन व त्यांच्या सोबत्यांनी बॉक्सी नावाचा उद्योग काढला. इंटरनेटवर जागोजागी विखुरलेले कार्यक्रम एकत्र आणून संचावर सुबकपणे दाखविणारा प्रोग्राम त्यांनी रचला. तो मूळचा एक्सबीएमसी या, कोणालाही मोकळ्या असलेल्या प्रोग्रामवर उभारलेला होता. लोकांना तो फार आवडला. परंतु २००९ च्या फेब्रुवारीत हुलू या सेवेने, आपल्याला कार्यक्रम पुरविणाऱ्या मालकांच्या सांगण्यावरून, बॉक्सीला आपले कार्यक्रम काढून टाकावयास लावले. तेच कार्यक्रम संगणकावर फुकट पाहावेत, पण दिवाणखान्यातील संचावर नकोत, असा हा न्याय! २०१० च्या नोव्हेंबरात डी-लिंक या कारखानदाराच्या साहाय्याने बॉक्सीची पेटी आली. एक कोपरा जमिनीत रुतलेला असावा असा तिचा आकार आणि १९९.९९ डॉलर किंमत. रोकूची पेटी तेव्हा निम्म्या पैशांत मिळत होती. २०१३ च्या जुलैत सॅमसंगने बॉक्सी विकत घेतली. तिची कार्यक्रम मुद्रित करून ठेवण्याची सेवा त्याच महिन्यात बंद झाली, आणि गिऱ्हाइकांनी साठविलेले कार्यक्रमही तिच्याबरोबर गेले.

तिसरा वृत्तान्त स्लिंगबॉक्सचा. तो आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो, आणि त्याचे कारणही आहे. ब्लेक व जेसन क्रिकोरियन हे दोघे भाऊ सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स या बेसबॉल संघाचे चाहते. २००२ साली तो संघ अंतिम मालिकेपर्यंत गेला. भाऊ मात्र कामानिमित्त वारंवार परगावी असत, आणि तेथे आपल्या गावचे सामने दिसत नसत. घरच्या संचावर जे चालले आहे ते आपल्याला परगावी का पाहता येऊ नये, या हळहळीतून त्यांची पेटी जन्मली. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आम्हा मराठी कुटुंबांना ही हळहळ समजावून सांगावी लागत नाही. पुण्या-मुंबईच्या मासिकांसाठी पोस्टमनची वाट पाहिलेली माणसे आमच्या घरांत अजून आहेत.

२००४ साली कंपनी निघाली आणि ३० जून २००५ रोजी स्लिंगबॉक्स २४९.९९ डॉलरला बाजारात आला. त्याची रीत रोकूच्या उलट आहे. रोकू बाहेरचे चित्र घरात आणते. हा घरातले चित्र बाहेर पाठवितो. घरातील केबलच्या यंत्राला तो जोडावयाचा. केबलवरून येणारे चित्र तो तेथल्या तेथे आवळतो आणि इंटरनेटवरून धन्याकडे पाठवितो. धन्याने परगावी संगणकावर वाहिनी बदलली की पेटीला जोडलेला एक लहानसा दिवा अदृश्य किरण सोडून रिमोटची हुबेहूब नक्कल करतो आणि घरी कोणी नसतानाही केबलची वाहिनी बदलते. त्या काळी घरातून बाहेर जाणारा इंटरनेटचा वेग आत येणाऱ्या वेगाच्या मानाने फारच थोडा असे. तेवढ्यात हे साधणे ही मोठीच करामत होती.

मासिक वर्गणी नव्हती. पेटी एकदा घ्यावी आणि निर्धास्त असावे, हे तिचे मोठे आकर्षण. २००९ साली भ्रमणध्वनीवर पाहण्यासाठी निघालेल्या प्रोग्रामची किंमत २९.९९ डॉलर होती, तीही एकदाच द्यावयाची. २००७ साली एकोस्टार या उपग्रह-दूरचित्रवाणीच्या कंपनीने सुमारे ३८ कोटी डॉलर देऊन स्लिंग विकत घेतली. तीन वर्षांपूर्वी दोघा भावांनी उभारलेल्या उद्योगाला एवढे मोल आले, ही गोष्ट कोणालाही हेवा वाटावी अशीच. परंतु धनी बदलला तरी हिशेबाची गाठ तीच राहिली. दरम्यान वाहिन्यांनीच आपापले प्रोग्राम काढून परगावच्या प्रेक्षकाची सोय केली, नव्या पेट्यांची मागणी ओसरली, आणि जुन्या पेट्यांची चाकरी मात्र चालूच राहिली.

ही चाकरी कोणती ते नीट समजून घेतले पाहिजे. चित्र तर घरच्या पेटीतून जात होते. मग मधे कंपनीचा संबंध काय? घराचा इंटरनेटवरील पत्ता वेळोवेळी बदलतो. परगावी बसलेल्या धन्याला आपली पेटी आज कोणत्या पत्त्यावर आहे हे कळावे, आणि मागणारा खरोखर धनीच आहे याची खातरजमा व्हावी, म्हणून कंपनीचा सर्व्हर मधे लागे. पूर्वी टेलिफोनच्या एक्सचेंजमध्ये बसलेला इसम जसा दोघांची तार जोडून देई, तसेच हे काम. दोन्ही टोकांचे यंत्र शाबूत असूनही तो इसम उठून गेला, तर बोलणे व्हावयाचे नाही.

९ नोव्हेंबर २०२० रोजी स्लिंगबॉक्सची विक्री थांबल्याचे आणि बरोबर दोन वर्षांनी सर्व्हर बंद होणार असल्याचे कंपनीने जाहीर केले. दोन वर्षांची मुदत दिली हा तिचा प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे. या धंद्यात अशी आगाऊ सूचना नेहमीच मिळते असे नाही. ९ नोव्हेंबर २०२२ रोजी ते बंद झाले. त्या दिवशी असंख्य पेट्या कपाटांवर जशा होत्या तशाच होत्या. त्यांच्यात बिघाड नव्हता, त्यांना वीज मिळत होती, केबलचे चित्र त्यांच्यात येत होते. त्यांना विचारणारे कोणी उरले नाही एवढेच. काही हौशी गिऱ्हाइकांनी मात्र मुदत संपण्यापूर्वीच पेटीची बोलण्याची रीत अभ्यासून एक लहानसा प्रोग्राम रचला आणि तो सर्वांना मोकळा करून दिला. घरातल्याच एखाद्या स्वस्त संगणकावर तो चालवावयाचा. मग पेटी त्याच्याशी बोलते, आणि कंपनीच्या सर्व्हरची तिला गरज लागत नाही. त्यासाठी पेटीचा गुप्त संकेत आधी टिपून ठेवावा लागे, आणि तो सर्व्हर चालू असतानाच मिळवून ठेवणे सोयीचे होते. ज्यांनी तो वेळेवर टिपून ठेवला त्यांच्या पेट्या दहाव्या नोव्हेंबरलाही सामने दाखवीत होत्या.